सशाच्या फुप्फुसातला भास

तिसरा डोळा उघडून देणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर सर्रास येऊन पडतात. पूर्वी अशा गोष्टींना पुराणांची फोडणी असे, आता विज्ञानाची असते. मेंदूच्या मधोमध पिनियल नावाची ग्रंथी आहे, तिच्यातून डीएमटी नावाचे रसायन पाझरते, गाढ ध्यानात, स्वप्नात आणि मरणाच्या क्षणी ते भरभरून सुटते आणि माणसाला दिव्य दर्शन घडते, असा साधारण मजकूर असतो. यातले थोडे खरे आहे, बरेचसे तर्काचे आहे आणि काही अजिबात सिद्ध झालेले नाही. कोणते कुठल्या खात्यात टाकायचे हे कळण्यासाठी एका माणसाचे आयुष्य पाहणे सोयीचे पडते. पिनियल ग्रंथीतले रसायन कसे तयार होते हे ज्याने उलगडले, त्याच माणसाने डीएमटी तयार करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, प्राण्याच्या शरीरात प्रथम शोधले. ज्युलियस ॲक्सेलरॉड हे त्याचे नाव. आणि ते विकर त्यांना पिनियल ग्रंथीत सापडले नव्हते.

नाव ओळखीचे नसले तरी त्यांच्या कामाशी आपली रोजची ओळख आहे. अंगात कणकण वाटली की घाटकोपर असो वा बोरिवली, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आपण पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणतो. हे रसायन वेदनेवर चालते हे ज्या संशोधनातून स्पष्ट झाले, त्यात ॲक्सेलरॉड यांचा हात होता. नैराश्यावरच्या गोळ्या मेंदूत नेमके काय करतात, हे त्यांच्याच एका शोधामुळे समजले. पण आज बोलायचे आहे ते त्यांनी जाताजाता केलेल्या एका छोट्या कामाबद्दल. त्या कामावर पुढे इतरांनी बरेच मोठे इमले बांधले.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या भागात ३० मे १९१२ रोजी त्यांचा जन्म झाला. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंची ही वस्ती. दाटीवाटीची घरे, अपुरा उजेड, खाली रस्त्यावर फेरीवाले. गिरणगावातल्या चाळी आठवल्या तर चित्र फार चुकणार नाही. वडील टोपल्या विणत आणि घोडागाडीतून दुकानदारांना विकत. मुलाला डॉक्टर व्हायचे होते. न्यूयॉर्क विद्यापीठात वर्षभर शिकल्यावर पैसे संपले, म्हणून त्याने फी न घेणाऱ्या सिटी कॉलेजात नाव घातले आणि १९३३ मध्ये पदवी मिळवली. मग मेडिकलसाठी अर्ज केले. एकाही कॉलेजाने घेतले नाही. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर न लिहिलेली मर्यादा असे.

महामंदीचे दिवस होते. महिना २५ डॉलरवर ते एका प्रयोगशाळेत मदतनीस झाले. १९३५ मध्ये त्यांना शहराच्या आरोग्य खात्याने उभारलेल्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. दूध आणि इतर पदार्थांत वरून घातलेली जीवनसत्त्वे खरोखर तेवढी आहेत का, हे तपासायचे. आपल्याकडे अन्नभेसळीचे नमुने तपासणाऱ्या केमिस्टचे असते तसले हे काम. अकरा वर्षे ते त्यांनी केले. याच काळात अमोनियाची एक बाटली फुटून त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. नोकरी सांभाळून रात्रीच्या वर्गांना जाऊन १९४१ मध्ये त्यांनी एमएस्सी केले. एवढ्यावर आयुष्य गेले असते तर कुणाला त्यांचे नाव कळले नसते. पण या अकरा वर्षांत एक गोष्ट हातात मुरली. एखाद्या मिश्रणात अगदी नखभर असलेला पदार्थ नेमका कसा मोजायचा, हे कसब त्यांना आले. माझ्या मते पुढच्या सगळ्या शोधांचे मूळ इथे आहे.

१९४६ मध्ये या प्रयोगशाळेकडे एक प्रश्न आला. ॲस्पिरिन नसलेल्या काही वेदनाशामकांमुळे काही लोकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होत होती. असे का, हे कोणाला विचारावे म्हणून ॲक्सेलरॉड गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलमधल्या बर्नार्ड ब्रोडी या औषधशास्त्रज्ञाकडे गेले. दोघांनी ॲसिटॅनिलाइड हे जुने औषध घेतले आणि शरीरात गेल्यावर त्याचे काय होते ते पाहिले. त्याचे दोन पदार्थ होत होते. एक ॲनिलिन, जे रक्त बिघडवत होते. दुसरा पदार्थ वेदना थांबवत होता, आणि तो रक्त बिघडवत नव्हता. दुसरा म्हणजे आपले पॅरासिटामॉल. १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आपण गिळतो ती वस्तू आणि आपल्यावर परिणाम करते ती वस्तू एकच असेल असे नाही, मधे शरीर स्वतः रसायनशास्त्र करत असते, हा विचार इथून त्यांच्या डोक्यात पक्का बसला. निरुपद्रवी पदार्थाचे शरीर विष करू शकते आणि विषाचे औषध.

त्यानंतर ते ब्रोडींबरोबर वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय हृदय संस्थेत गेले. औषधे मोडणारी यकृतातली विकरे त्यांनी शोधली आणि तिथेच श्रेय कोणाचे यावरून गुरूशी बिनसले. पीएच.डी. नसल्याने बढतीही अडली होती. मग त्यांनी रजा घेतली, तरुण पोरांबरोबर वर्गात बसून परीक्षा दिल्या आणि १९५५ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने त्यांना घेतले. मनोविकारांशी त्यांचा तोवर काही संबंध नव्हता.

पण तो काळच असा होता की रसायनशास्त्रज्ञ मनाकडे ओढले जात होते. आणि या ओढीला लागलेल्या वाऱ्यांपैकी एक आपल्या मुंबईतून सुटला होता. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरचा अनुभव प्रसिद्ध केला. पन्नास रुग्णांची नोंद होती. वैद्यांच्या हातातली ही मुळी त्या लेखानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांच्या टेबलावर गेली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे शुद्ध रसायन काढले गेले. ते रक्तदाब कमी करीच, शिवाय अतिशय क्षुब्ध झालेल्या मनोरुग्णांना शांत करी. १९५५ मध्ये ब्रोडींच्याच प्रयोगशाळेत दिसून आले की रिसर्पिन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. एका वनस्पतीतले रसायन, मेंदूतले एक रसायन आणि माणसाची वागणूक, या तिघांची गाठ प्रथमच अशी समोर आली. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईकरांनी हे नाव जास्त लक्षात ठेवायला हवे होते, असे राहून राहून वाटते.

दुसरा वारा एलएसडीचा. हे रसायन इतक्या थोड्या मात्रेत माणसाला भास घडवते की मात्रा डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. त्याची रचना सेरोटोनिनशी मिळतीजुळती आहे हेही लक्षात आले होते. मग साहजिकच शंका आली की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला ऐकू येणारे आवाज, वाटणारे संशय, हे त्याच्या शरीरात तयार होणाऱ्या अशाच एखाद्या भासकारक पदार्थामुळे तर नसतील?

आज हा प्रश्न पुस्तकी वाटेल. तेव्हा तो लाखो घरांचा होता. घरातला कर्ता मुलगा विशीत अचानक भिंतीशी बोलू लागला की आपल्याकडे मांत्रिक गाठत, नाहीतर ठाण्याच्या मनोरुग्णालयाची वाट धरत आणि शेजारीपाजारी कळू नये म्हणून धडपडत. अमेरिकेत मांत्रिक नव्हता, पण मनोविश्लेषकांचा एक मोठा गट आईला जबाबदार धरत होता. तिने लहानपणी पुरेशी माया दिली नाही म्हणून मूल असे झाले, असे तिला तोंडावर सांगितले जाई. अशा वेळी आजाराचे मूळ एखाद्या बिघडलेल्या विकरात निघाले असते तर त्या आयांच्या छातीवरचा दगड उतरला असता, आणि मधुमेहासारखे औषधही शोधता आले असते. या आशेने शहाणीसुरती माणसे कामाला लागली होती आणि आशेपोटी चुकतही होती. रुग्णांच्या लघवीत काही विशिष्ट आम्ले जास्त आहेत असा गाजावाजा झाला. पुढे कळले की तो फरक रुग्ण पीत असलेल्या कॉफीमुळे होता.

ॲक्सेलरॉड या वातावरणात आले. सुरुवातीला त्यांनी एलएसडी शरीरात कुठे कुठे जाते आणि कसे मोडते हे मोजले. मग त्यांच्या कानावर कॅनडातल्या दोन मनोविकारतज्ज्ञांचा सिद्धांत पडला. होफर आणि ऑसमंड यांचे म्हणणे असे की स्किझोफ्रेनियात ॲड्रेनालिनचे ॲड्रेनोक्रोम होते आणि तेच भास घडवते. ॲक्सेलरॉड यांचा मार्ग साधा होता. असे होत असेल तर ते घडवणारे विकर शरीरात असले पाहिजे, शोधून पाहू. बरेच महिने शोधले. मिळाले नाही. पण तो शोध चालू असताना शरीर ॲड्रेनालिनचे प्रत्यक्षात काय करते हे त्यांना सापडले. एक विकर त्याला मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांची छोटी शेपटी, जोडून त्याला निष्प्रभ करत होते. कंपवाताच्या काही रुग्णांना आज जी गोळी लेव्होडोपाबरोबर देतात, ती या विकराला अडवते. चुकीच्या सिद्धांताच्या मागे जाऊन बरोबर गोष्ट हाती लागण्याचे याहून चांगले उदाहरण मला पटकन आठवत नाही.

शेपटी जोडण्याची ही क्रिया पुढे त्यांचा हातखंडा विषय झाली. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांनी गायीगुरांच्या पिनियल ग्रंथींतून मेलॅटोनिन वेगळे केले होते. त्याच्या रेणूवर मिथाइलची शेपटी आहे हे पाहून ॲक्सेलरॉड यांनी ती जोडणारे विकर शोधले. १९६० मध्ये हर्बर्ट वाइसबाख यांच्यासह त्यांनी ते दाखवले. सेरोटोनिनपासून दोन पायऱ्यांत मेलॅटोनिन होते, आणि हे काम दिवसाच्या उजेडाने मंदावते आणि अंधाराने वाढते, हे त्यांच्या प्रयोगशाळेने पुढच्या काही वर्षांत उलगडले. तत्त्वज्ञ देकार्तने ज्या ग्रंथीत आत्म्याचे आसन मानले होते, ती ग्रंथी आता शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे घड्याळ ठरली. या ग्रंथीची खडान्खडा माहिती असलेली माणसे तेव्हा जगात फार थोडी होती आणि ॲक्सेलरॉड त्यांतले एक होते, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवे.

आता डीएमटी. पूर्ण नाव डायमिथाइल ट्रिप्टामाइन. डाळी, दूध, शेंगदाणे यांतून आपल्याला ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल मिळते. त्यातला एक भाग काढला की ट्रिप्टामाइन होते. त्याला मिथाइलच्या दोन शेपट्या जोडल्या की डीएमटी. हा पदार्थ १९३१ मध्ये कॅनडात रिचर्ड मान्स्के यांनी प्रयोगशाळेत बनवला होता. पुढे ब्राझीलमधल्या आदिवासींच्या विधींतल्या एका वनस्पतीतही तो निघाला. पण तो मनावर काय करतो हे कळायला १९५६ उजाडले. बुडापेस्टमध्ये स्टीफन सारा या डॉक्टरांना एलएसडीवर काम करायचे होते. लोखंडी पडद्याआडच्या देशाला ते द्यायला स्विस कंपनी तयार नव्हती, म्हणून त्यांनी डीएमटी तयार केले आणि स्वतःच्या स्नायूत टोचून घेतले. काही मिनिटांत रंगीबेरंगी आकृत्यांचा लोंढा सुरू झाला आणि तासाभराच्या आत ओसरला. हंगेरीतल्या उठावानंतर सारा अमेरिकेत आले आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतच काम करू लागले. शरीर डीएमटी कसे मोडते यावर १९५९ मध्ये सारा आणि ॲक्सेलरॉड यांचा एकत्र निबंध आहे.

म्हणजे ॲक्सेलरॉड यांच्या टेबलावर आता दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. शेपटी जोडणारी विकरे, आणि दोन शेपट्यांचा एक भासकारक रेणू. शरीर हा रेणू मोडू शकते, तर बनवूही शकते का? त्यांनी सशाचे निरनिराळे अवयव वाटून त्यांचे द्रावण केले, त्यात ट्रिप्टामाइन आणि सेरोटोनिन घातले आणि मिथाइल पुरवणारा पदार्थ टाकला. फुप्फुसाच्या द्रावणात विकराचे काम जोरात चालू होते. ट्रिप्टामाइनपासून डीएमटी होत होते आणि सेरोटोनिनपासून ब्युफोटेनिन, म्हणजे काही बेडकांच्या कातडीत सापडतो तो पदार्थ. १९६१ मध्ये सायन्स या साप्ताहिकात हा लहानसा निबंध आला. शरीरात एरवी असणाऱ्या साध्या पदार्थांपासून, शरीरातलेच विकर भासकारक पदार्थ बनवू शकते, एवढेच त्यात होते. असे सशाच्या शरीरात सतत होत असते असा दावा नव्हता. माणसाच्या वेडाचे कारण सापडले असाही नव्हता. काचेच्या नळीत, बाहेरून कच्चा माल दिल्यावर हे घडते, इतकीच गोष्ट. वाचणाऱ्यांनी मात्र त्यात स्वतःच्या आशा ओतल्या.

ॲक्सेलरॉड स्वतः दुसऱ्या कामात गढून गेले. संस्थेत किरणोत्सारी नॉरॲड्रेनालिन मागवले होते, तेही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत काही वेगळे होते का हे पाहण्यासाठी. फरक दिसला नाही. ॲक्सेलरॉड यांनी त्यातले थोडे मागून घेतले आणि प्राण्यांना दिले. मज्जातंतूचे टोक निरोप म्हणून जे रसायन बाहेर सोडते, ते काम झाल्यावर तेच टोक पुन्हा आत ओढून घेते, असे दिसले. डबेवाला जेवण पोहोचवून संध्याकाळी रिकामा डबा त्याच घरी परत आणतो, दुसऱ्या दिवशी तोच डबा पुन्हा निघतो, तसा हा प्रकार. इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध आणि कोकेन हा परतीचा डबा अडवतात, हेही १९६१ मध्येच त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. आज डॉक्टर लिहून देतात त्या नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्या या समजुतीवर उभ्या आहेत. सोलोमन स्नायडर, लेस्ली आयव्हर्सन, रिचर्ड वुर्टमन अशी पुढे नाव काढलेली माणसे या लहानशा प्रयोगशाळेतून गेली.

इकडे डीएमटीची गोष्ट इतरांच्या हाती गेली होती. १९६५ मध्ये फ्रान्झेन आणि ग्रॉस या जर्मन संशोधकांनी निरोगी माणसांच्या रक्तात आणि लघवीत डीएमटी असल्याचे नेचरमध्ये कळवले. मग रुग्णांच्या नमुन्यांची रीघ लागली. अमेरिकेतल्या गेल्सबर्ग इथे हॅरोल्ड हिमविच यांच्या प्रयोगशाळेत एन. नरसिंहाचारी हे भारतीय रसायनशास्त्रज्ञ याच कामात होते. कोणाला रुग्णांत जास्त सापडे, कोणाला सारखेच, कोणाला मुळीच नाही. मात्रा इतकी सूक्ष्म होती की त्या वेळच्या उपकरणांना ती धड पेलत नव्हती.

१९७० साली ॲक्सेलरॉड यांना स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर आणि ब्रिटनचे बर्नार्ड कॅट्झ यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मज्जातंतूंच्या टोकांवरच्या या रसायनांच्या कामासाठी. बातमी कळली तेव्हा ते दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. डीएमटीसाठी नोबेल मिळाले असे काही ठिकाणी सूचित केलेले आढळते, ते खरे नाही. डीएमटीकडे ते नंतर पुन्हा वळले. १९७२ मध्ये ह्वान साव्हेद्रा यांच्यासह त्यांनी उंदराच्या मेंदूत ट्रिप्टामाइन सोडून तिथेही शेपट्या जोडल्या जातात असे प्रसिद्ध केले.

मग आला तो हिशेब चुकता करण्याचा क्षण, आणि तो ॲक्सेलरॉड यांच्याच संस्थेतून आला. क्रिस्टियन गिलिन, रिचर्ड वायट आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तोवरचा सगळा पुरावा एकत्र मांडून पाहिला. रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या शरीरातल्या डीएमटीत भरवसा ठेवावा असा फरक दिसत नव्हता. अनुभवातही अंतर होते. डीएमटीने डोळ्यांपुढे चित्रे नाचतात, स्किझोफ्रेनियात प्रामुख्याने आवाज ऐकू येतात. आजाराचे कारण डीएमटी आहे हे सिद्ध होत नव्हते. पंधरा वर्षे जी आशा जपली तिच्यावर पाणी पडले. काम करणाऱ्यांनी ते मान्य केले आणि पुढे गेले. आज स्किझोफ्रेनियावर जी औषधे आहेत ती दुसऱ्याच वाटेने, मुख्यतः डोपामिनच्या वाटेने, आली. आईच्या मायेला दोष देणेही मागे पडले, पण त्याचे श्रेय एखाद्या चमत्कारी रेणूला नाही. जुळ्या आणि दत्तक मुलांच्या चिकाटीच्या अभ्यासांनी ते झाले.

यानंतर डीएमटी जवळजवळ अडगळीत गेले. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात १९९० ते १९९५ या काळात रिक स्ट्रासमन यांनी सरकारी परवानगीने सुमारे साठ स्वयंसेवकांना ते शिरेतून दिले, आणि त्यांच्या अनुभवांवर पुढे पुस्तक लिहिले. पिनियल ग्रंथी जन्माच्या आणि मृत्यूच्या वेळी डीएमटी सोडत असेल हा विचार या पुस्तकातून घरोघरी गेला. स्ट्रासमन यांनी तो तर्क म्हणून मांडला होता. जाहिरातीपर्यंत येताना तर्क हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला.

जरा हिशेब करून पाहू. पिनियल ग्रंथीचे वजन ग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी. दिवसभरात ती साधारण ३० मायक्रोग्रॅम मेलॅटोनिन बनवते. शिरेतून दिलेल्या डीएमटीने पुरते भास व्हायला सुमारे २५ मिलिग्रॅम लागतात. म्हणजे या चिमुकल्या ग्रंथीला आपल्या रोजच्या उत्पादनाच्या आठशेपटीहून अधिक माल काही मिनिटांत बनवावा लागेल. शिवाय शरीरातली दुसरी विकरे डीएमटी काही मिनिटांतच मोडून टाकतात, त्यामुळे साठवून ठेवण्याचीही सोय नाही. औषधशास्त्रज्ञ डेव्हिड निकोल्स यांनी २०१८ मध्ये असाच हिशेब मांडला.

तरीही गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये उंदरांच्या पिनियल ग्रंथीच्या द्रवात डीएमटीचा अंश खरोखर सापडला. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या जीमो बोर्जिगिन यांच्या गटाला तो उंदरांच्या मेंदूच्या बाह्य भागात, दृष्टीशी संबंधित पट्ट्यात, मिळाला. हृदय बंद पाडल्यावर तिथले प्रमाण वाढलेही. मात्र पिनियल ग्रंथी आधीच काढून टाकलेल्या उंदरांतही ते वाढले. म्हणजे मरणाच्या वेळची गोष्ट उंदरांपुरती तरी अगदीच टाकाऊ नाही, पण तिसऱ्या डोळ्याची गरज तिला लागली नाही. माणसात हे दाखवलेले नाही. आणि २०२३ मध्ये याच विद्यापीठातून आणखी एक निबंध आला. ॲक्सेलरॉड यांनी सशात शोधलेल्या विकराचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. ते नसतानाही मेंदूत आणि फुप्फुसात ट्रिप्टामाइनवर होणारी क्रिया तेवढीच चालू राहिली, आणि नीट तपासले तर तयार होणारा पदार्थ डीएमटी नव्हताच. १९७२ चे उंदरांवरचे निष्कर्ष यामुळे पुन्हा तपासावे लागणार आहेत. उंदराच्या शरीरात सापडणारे डीएमटी मग येते कुठून, हा प्रश्न उघडा आहे.

या विषयावर लिहिले की काही वाचक हटकून विचारतात, म्हणून सांगतो. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत डीएमटीचे नाव आहे. ते बाळगणे, विकणे, घेणे हा गुन्हा आहे. नैराश्यावर त्याचा उपयोग होतो का, याच्या चाचण्या काही देशांत चालू आहेत, पण त्या रुग्णालयाच्या देखरेखीत आणि निवडक लोकांवर. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र मनोविकार झालेला आहे, त्यांना अशा चाचण्यांत सहसा घेतच नाहीत, कारण आजार उफाळण्याची भीती असते. दीर्घ श्वसन किंवा ध्यान करून कुणाला बरे वाटत असेल तर जरूर करावे. त्याने पिनियल ग्रंथीतून डीएमटी सुटते म्हणून पैसे मागणाऱ्याला मात्र ते कोणी, कशात आणि किती मोजले, एवढे विचारावे. आणि घरात आवाज ऐकू येणारे कुणी असेल तर त्याच्या गोळ्या बंद करून त्याला अशा शिबिराला नेऊ नये. गोळ्या सुटल्यावर आजार उलटतो आणि मग आधीपेक्षा जास्त हाल होतात.

ॲक्सेलरॉड १९८४ मध्ये नियमाप्रमाणे निवृत्त झाले. पण पाहुणे संशोधक म्हणून त्याच संस्थेत येत राहिले आणि नव्या मुलांशी बोलत राहिले. २९ डिसेंबर २००४ रोजी मेरीलँडमधल्या रॉकव्हिल इथल्या घरी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सशाच्या फुप्फुसातले ते विकर माणसातही असते. त्याचे जनुक १९९९ मध्ये ओळखले गेले, आणि माणसात ते नेमके कशासाठी असते यावर अजून काम चालू आहे.